तोंडातून गेलं

आई, तू ते मुद्दाम केलंस की चुकून झालं, एवढं एकच मला विचारायचं आहे. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. पण तो एक शब्द मात्र तू आत्ता आतून हाक मारावीस इतका स्वच्छ ऐकू येतो. माझा स्वभाव संशयी आहे हे तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. 'दूध उतू गेलं तरी ही विचारणार, कुणी घालवलं,' असं म्हणून हसायचीस. हसायला काय जातं! ज्या घरात आईच काहीतरी लपवते आहे अशी लहानपणापासून शंका असते, त्या घरातली मुलगी दुसरं काय होणार?

लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आपल्या डावीकडे बंगाली, वरच्या मजल्यावर तमिळ, समोर कुमाऊंचे, आणि मधे आपण 'पूना वाले'. बाबा पुण्याचे, म्हणून आपण सगळे पुण्याचे. तू खोटं कधी बोलली नाहीस, हे मी आजही मान्य करते. तू फक्त कुणाचा गैरसमज दूर केला नाहीस, आणि त्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. तुझं माहेर कुठलं असं आपल्या मराठी मंडळातल्या बायकांनी विचारलं की तू 'आमच्याकडे ना...' अशी सुरुवात करून पुण्याच्या घरातली एखादी गोष्ट सांगायचीस आणि विषय संपायचा. मामा-मावशी कधी दिल्लीला आले नाहीत. सुट्टीत आपण पुण्याला आजीकडे जायचो आणि तिथूनच परत यायचो. नकाशात विदर्भ कुठे आहे हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं, तुझ्याकडून नाही.

पण मला पहिला संशय आला तो तुझ्या मराठीचा. ते फारच शुद्ध होतं. मंडळातल्या खऱ्या पुण्याच्या बायका कशाही बोलायच्या, अर्धं वाक्य गिळायच्या, मधेच 'अच्छा', 'चलो' घालायच्या. तू मात्र प्रत्येक शब्द निवडून, धुऊन ठेवायचीस. 'पाणी' म्हणताना तुझा ण इतका ठासून यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आधी ण म्हणते आणि मग त्याच्याभोवती शब्द लावते. मी शाळेतून येऊन 'मी जिंकली' म्हटलं की तू तवा बाजूला ठेवून म्हणायचीस, 'जिंकले. तू जिंकलीस, मी जिंकले.' दिल्लीत वाढलेल्या आम्हा पोरांना हा फरक कशाला कळतोय? तुला कळायचा, आणि कुणी तरी छडी घेऊन मागे उभं आहे अशा घाईने कळायचा. एकदा तुला खूप ताप आला होता. मी कपाळावर पट्टी बदलत होते आणि तू डोळे न उघडता म्हणालीस, 'मले थंडी वाजते.' मी बाबांना सांगितलं की आई 'मले' म्हणाली. बाबा म्हणाले, 'ताप आहे, बडबडते आहे ती.' पण त्यांचा चेहरा ताप बघितल्यासारखा नव्हता. मी तेव्हाच ती गोष्ट मनात जपून ठेवली.

सरोजिनी नगरच्या बाजारात तू निराळीच बाई व्हायचीस. भाजीवाल्याशी हिंदीत बोलताना तुझी जीभ सैल सुटायची, 'अरे बाप्पा, कल तो सस्ता दिया ना तुमने!' असं म्हणून तू मोठ्याने हसायचीस. घरात तू इतक्या मोठ्याने हसलेली मला आठवत नाही. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी रेडिओवरच्या बाईसारखं, 'कोथिंबीर घे गं, निवडून घे.' हे वाक्य लक्षात ठेव, आई, ते पुढे लागणार आहे. तू कोथिंबिरीला कोथिंबीरच म्हणायचीस. वर्षानुवर्षं.

आणखी एक सवय होती तुझी. घरात कुणीही आलं की बसायच्या आधी त्याच्या हातात पाण्याचा पेला असायचा. पोस्टमन, नळ दुरुस्त करणारा, वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामी, माझ्या मैत्रिणी. 'आंटी, प्यास नहीं है' म्हटलं तरी तू पेला पुढे धरून उभी. आपल्या घरात कुणी पाणी मागितलं, असं मी कधी ऐकलंच नाही. मला वाटायचं, हा तुझा मोठेपणा मिरवायचा प्रकार आहे. मैत्रिणींसमोर लाज वाटायची.

आणि त्या बाहुल्या. मी दहाएक वर्षांची असेन. गणपती होऊन गेले होते. मी मधल्या फळीवरचा तांदळाचा डबा सरकवला आणि मागे जुन्या खणात गुंडाळलेल्या दोन मातीच्या बाहुल्या सापडल्या, एक बाई आणि एक पुरुष. मुलतानी मातीच्या, वाळून तडे गेलेल्या. त्यांना हळद-कुंकू लावलेलं होतं. मी घाबरले. समोरची कुमाऊंची मुलगी जादूटोण्याच्या गोष्टी सांगायची, त्यात अशाच बाहुल्या असायच्या. तुला विचारलं तर म्हणालीस, 'खेळणं आहे.' मोठ्या बाईचं खेळणं, तांदळाच्या डब्यामागे? मी बरेच दिवस तुझ्या हातचा भात वास घेऊन खाल्ला. कोजागिरीनंतर बघितलं तर बाहुल्या नाहीशा झाल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. मग मी विचारणं सोडून दिलं आणि लक्ष ठेवणं सुरू केलं.

मी नोकरीला लागले तोवर दिल्ली बदलायला लागली होती. घरोघरी केबल आली, ऑफिसात कॉम्प्युटर आले, आणि पुण्या-मुंबईहून नव्या कंपन्यांमधली माणसं गुडगावात येऊन उतरायला लागली. मोहरीच्या शेतांमध्ये उंच इमारती, लिफ्ट, जनरेटर, दारावर इंग्रजी नावं. आपलं मंडळही एकदम सुधारलं. गणपतीच्या मांडवाला बँकेचा बॅनर लागला आणि आरतीच्या रांगेशेजारी टेबल टाकून एक मुलगा क्रेडिट कार्डाचे फॉर्म वाटायला लागला. नव्या आलेल्या बायकांना आपलं मंडळ जरा गावठी वाटायचं. दिल्लीत राहून इथल्या लोकांचं मराठीपण पातळ झालंय, असं त्यांचं मत होतं, आणि ते घट्ट करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आपला साधा भोंडला त्यांनी नव्याने बसवला. पाटावर रांगोळीचा हत्ती, भोवती नऊवारीतल्या बायकांचा फेर, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. 'अगदी आपल्या पुण्यासारखा झाला पाहिजे,' असं ज्या बाई सगळ्यांत जास्त म्हणायच्या, त्याच मुलाची आई म्हणून आपल्या घरी आल्या.

मुलगा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. गुडगावातून कंपनीच्या बसने जायचा. मला त्याचाही संशय आलाच होता. पुण्यात मुलींचा दुष्काळ पडला होता का, की हा दिल्लीत शोधतोय? पण दोन-तीनदा भेटलो आणि संशय मावळला. तो कमी बोलायचा, माझ्या चहात साखर किती ते त्याच्या लक्षात राहायचं, आणि त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीतून लांबवर पिवळं शेत दिसायचं. मला तो हवा होता, आई. ती गॅलरीसुद्धा हवी होती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, पण तुला दिसत असणार. मी सकाळी गुणगुणत होते, आणि माझ्यासारखी मुलगी उगाच गुणगुणत नाही.

ते लोक पहिल्यांदा घरी आले त्या रविवारी तू नेहमीप्रमाणे ते बसायच्या आधी पाणी पुढे केलंस. त्या बाई तुझ्या बोलण्यावर बेहद्द खूश झाल्या. 'दिल्लीत राहून भाषा किती जपलीत हो तुम्ही! आमच्या सोसायटीतली मुलं ऐकवत नाहीत.' तेवढ्यात बाबांनी मला काहीतरी विचारलं आणि मी म्हटलं, 'मी ऑफिसमधून डायरेक्ट आली ना काल.' त्या हसल्या. 'आले. आले म्हणायचं, बाळ.' मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, 'तुम्ही काही काळजी करू नका. थोरली सून आली तेव्हा तिचंही असंच होतं. सोलापूरकडची ना. मग मी काय केलं, चुकीचं बोलली की मला ऐकूच यायचं नाही. बिचारी तीन-तीनदा हाक मारायची, मी आपली पेपर वाचतेय. शब्द नीट आला की लगेच ओ द्यायची. सहा महिन्यांत जीभ वळली. हिचीही वळेल.' सगळे हसले. मुलगा हसला, बाबा हसले, मीही हसले. मला ते प्रेमळच वाटलं, अगदी खरं सांगते. तू रिकामे पेले ट्रेमध्ये गोळा करत होतीस. तू विचारलंस, 'आणि आता कशी आहे ती? थोरली?' त्या म्हणाल्या, 'अगदी छान. फार बोलत नाही, पण जे बोलते ते शुद्ध.'

'हो का,' असं म्हणून तू आत गेलीस. चहाला फार वेळ लागला. मला वाटलं, दूध नासलं असेल.

मग नवरात्रात तो भोंडला. चार वाजताचं ऊन, पार्कातली हिरवळ, कडेला बँकेचा बॅनर. तू दरवर्षी खिरापतीला खोबऱ्याच्या वड्या न्यायचीस, पांढऱ्या शुभ्र, कुणीही ओळखाव्यात अशा. त्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्यांचा ढीग आणि तू त्या बारीक चिरत होतीस. कढईत खसखस, खोबरं, तीळ भाजल्याचा वास. तू पातळ पोळ्या लाटल्यास, आतून चिंचेचं पाणी लावलंस, कोथिंबिरीचं सारण भरून गुंडाळ्या केल्यास आणि तळल्यास. हा पदार्थ आपल्या घरात मी कधी बघितला नव्हता. मी विचारलं, 'हे काय आहे?' तू म्हणालीस, 'वडी.' कसली ते सांगितलं नाहीस. माझ्यासारखीने तिथेच ओळखायला हवं होतं. पण मी साडी कुठली नेसायची या विचारात होते.

फेर झाला, गाणी झाली, डबे निघाले. तुझी पाळी आली. तू डबा हलवलास. मऊ, भरगच्च आवाज. 'करंजी?' 'नाही.' 'बाकरवडी?' 'नाही.' 'काकू, हिंट तरी द्या ना यार!' असं एक कॉलेजची मुलगी ओरडली. तू म्हणालीस, 'हिरवी आहे.' 'पालकाचं काहीतरी? मेथीचं?' तू मान हलवत राहिलीस. शेवटी सगळ्यांनी हार मानली. तू झाकण उघडलंस आणि म्हणालीस, 'सांबारवडी.'

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग ती कॉलेजची मुलगी म्हणाली, 'वॉव, साउथ इंडियन! आणि सांबार कुठाय?' कुणीतरी खरंच डब्यात वाकून बघितलं. एक बाई म्हणाल्या, 'अहो, पण हे तर कोरडं आहे.' हसू पसरत गेलं, वाईट हसू नव्हतं ते. अजूनही वेळ होता, आई. तू 'कोथिंबिरीची वडी' म्हणू शकत होतीस. मुलाच्या आईने तर तुला वाटच काढून दिली. 'कोथिंबिरीची वडी म्हणा ना! सांबार काय? हा कुठला शब्द काढलात?'

तू म्हणालीस, 'आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.'

'म्हणजे? तुम्ही पुण्याच्या ना?'

'नाही. मी वऱ्हाडातली. दर्यापूरकडची. आमच्याकडे भोंडला नसतो, भुलाबाई असते. भुलाबाई आणि भुलोजी, मातीचे करतो. महिनाभर गाणी म्हणतो आणि कोजागिरीला शिरवतो, म्हणजे विसर्जन.'

तांदळाच्या डब्यामागच्या दोन बाहुल्या माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. एवढ्यासाठी मी भाताचा वास घेत होते! मी तिथेच खांबासारखी उभी, आणि तू माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, भाजीवाल्याशी बोलायचीस त्या सैल जिभेने म्हणालीस, 'काहून उभी हाय वं? वाट नं सगळ्याइले.'

आणि मी वाटायला लागले. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली, आणि अजून खटकते. मला ती बोली येत नव्हती. तापातलं ते एक 'मले' सोडलं तर ती मी कधी ऐकलीच नव्हती. तरी एका शब्दाचाही अर्थ मला लावावा लागला नाही, हात आपोआप डब्याकडे गेला. म्हणजे तू माझ्याशी कधीतरी तसं बोलली असणार. मी तान्ही असताना, बाबा ऑफिसला गेल्यावर, दार लावून. नुसतं एकदा-दोनदा नाही, भरपूर. मी वडी वाटत वाटत थोरल्या सुनेपाशी आले. ती कडेला गप्प उभी होती, नऊवारी अगदी चापूनचोपून नेसलेली. तिने एक वडी खाल्ली. मग न विचारता दुसरी उचलली आणि तोंड भरलेलं असतानाच तुला म्हणाली, 'लई भारी झाल्यात की, काकू!' म्हणाली आणि एकदम थबकली, सासूकडे बघायला लागली. सासूबाई बँकेचा बॅनर वाचत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी फोन आला. पत्रिका जमत नाही म्हणे. पत्रिका आम्ही मानत नाही, असं पहिल्याच भेटीत ठासून सांगणारी माणसं ही. मुलाने माझ्या ऑफिसात एकदा फोन केला. 'यार, तुझ्या आईने हे आधी सांगायला हवं होतं ना.' मी विचारलं, 'काय सांगायला हवं होतं?' तो म्हणाला, 'म्हणजे... बॅकग्राउंड.' मी फोन ठेवला, पण राग त्याचा आला नाही. तुझा आला. घरी आले, चपलाही न काढता स्वयंपाकघरात आले. तू कोथिंबीर निवडत होतीस, नेमकी तीच. मी म्हटलं, 'तू मुद्दाम केलंस ना?'

तू पेला भरून माझ्यासमोर ठेवलास. 'नाही गं,' असं अगदी शुद्ध मराठीत म्हणालीस. 'तोंडातून गेलं.'

तोंडातून गेलं! मी रडले, आदळआपट केली. बाबा बाहेर पेपर धरून बसले होते, पान उलटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर तू दारापर्यंत आलीस. रोज 'लवकर ये' म्हणायचीस. त्या दिवशी म्हणालीस, 'येजो.' आणि त्यानंतर रोज तेच. बाकी सगळं पुन्हा पहिल्यासारखं शुद्ध, बाबांशी, मंडळाशी, माझ्याशीही. फक्त दारात तेवढा एक शब्द. चुकून तोंडातून जाणाऱ्या गोष्टी रोज सकाळी साडेआठला जात नाहीत, असं मला वाटायचं. पण मग दुसरी बाजूही दिसायची. त्या पदार्थाला दुसरं नावच नसेल तर? लहानपणापासून जी वडी सांबारवडी म्हणून खाल्ली ती कोथिंबिरीची कशी होईल? नाव निघालं, लोक हसले, तुला चीड आली, आणि चिडल्यावर माणूस आपल्या भाषेत बोलतो, एवढंच असेल. मग वाटायचं, असेल बाई, पण मग दरवर्षीच्या खोबऱ्याच्या वड्या सोडून नेमकी तीच, नेमकी त्याच दिवशी? असं माझं चालू राहिलं, वर्षानुवर्षं. तू आजारी पडलीस तेव्हा तुझ्या उशाशी बसूनही मी हाच हिशेब मांडत होते. विचारायचं राहून गेलं असं म्हणणार नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, 'अगं, तोंडातून गेलं.'

तुझ्या तेराव्याला मावशी आली, तुझी धाकटी बहीण, पहिल्यांदाच दिल्लीला. तिने आल्या आल्या पाणी मागितलं, 'पानी दे वं पोरी,' आणि मी दचकले, कारण आपल्या घरात कुणी पाणी मागायची रीतच नव्हती. मी तसं म्हटलं. ती पाणी प्यायली, पेला हातातच ठेवला. मग म्हणाली, 'तुह्या मायले पयल्या साली पुण्यात पानी मांगाचं भेव वाटे. "मले पानी द्या" म्हटलं का सासू ऐकेच नाई. आयकू येत नाई असं करे. पाणी म्हनलं, मला म्हनलं, का मंग भेटे. जेठ महिना होता बाप्पा. थे तहानलेलीच निजे.'

आई, मला एकदम सगळं दिसलं. त्या रविवारी तुझ्या हातातला ट्रे, रिकामे पेले, आणि 'मला ऐकूच यायचं नाही' असं हसून सांगणाऱ्या त्या बाई. सगळ्या सासवा काय एकाच शाळेत शिकून येतात? मी मावशीला भोंडल्याची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, 'मुद्दाम केलं ना तिने?' मावशीने पेला खाली ठेवला. 'मले काय मालूम? मी होती का तिथी? तुलेच मालूम असन.' झालं! तीही तुझीच बहीण.

त्या भोंडल्यानंतर काही वर्षांनी माझं लग्न झालं हे तुला माहीत आहे, तू होतीस. माझा नवरा कानपूरचा. माझं मराठी शुद्ध की अशुद्ध हे त्याला कळत नाही, आणि मला पाणी हवं तेव्हा मिळतं. आम्ही गुडगावातच राहतो, गॅलरीही आहे, शेत मात्र कधीच गेलं. तुझ्या नातीला मराठी समजतं, बोलताना ती 'मी आली' म्हणते, आणि मी तोंड उघडते आणि मिटते. तो मुलगा मला एकदा मॉलमध्ये दिसला, बायको बरोबर होती. ती बोलत होती का गप्प होती, हे बघण्यासाठी मी एका खांबामागे बराच वेळ उभी राहिले. ती फोनवर होती, काही कळलं नाही. माझा स्वभाव काही गेला नाही, हे यावरून तुझ्या लक्षात येईल.

इतकी वर्षं मला वाटायचं की तू एकदा तरी 'मुद्दाम केलं' असं कबूल करावंस, म्हणजे मला तुझ्यावर रागावून मोकळं होता येईल. आता उलटंच झालंय. आता भीती वाटते की ते खरंच चुकून झालं असेल. मग त्या रविवारी आपल्या घरात माझ्या बाजूचं कुणीच नव्हतं, आणि मी वाचले ती केवळ एका वडीच्या नावामुळे, नशिबाने. ते मला चालणार नाही. म्हणून हे पत्र मी कुठेही ठेवणार नाही, तुझ्या फोटोमागेही नाही. ठेवलं तर तू तुझ्या त्या शुद्ध मराठीत पुन्हा तेच उत्तर देशील.

काल संध्याकाळी सोसायटीतल्या भोंडल्याची यादी करणाऱ्या मुलीचा फोन आला. 'ताई, तुमची खिरापत काय लिहू?' नवी आहे, पुण्याची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी म्हटलं, 'सांबारवडी.' ती म्हणाली, 'अच्छा, मग सांबारासाठी वाट्या लागतील ना?' मी म्हटलं, 'नाही लागणार, तू ये आणि बघ.' फोन ठेवला. नवरा शेजारीच टीव्ही बघत बसला होता. इतक्या वर्षांत त्याला चार मराठी शब्द तरी कळायला लागलेत. तो म्हणाला, 'सांबार? तुम तो हमेशा कोथिंबीर बोलती हो।' मी म्हटलं, 'निकल गया मुँह से।' त्याने मान डोलावली आणि पुन्हा टीव्ही बघायला लागला.

तुला म्हणून सांगते, आई. मी मुद्दाम म्हणाले.